चौकट : परतीच्या लढतीत काय बदलतं?

१ जून २०१९, न्यूयॉर्क. हेवीवेट विजेत्या अँथनी जोशुआने तिसऱ्या फेरीत अँडी रुईझला खाली पाडलं आणि घाईने संपवायला पुढे घुसला. तिथेच फसला. जवळच्या ठोशाठोशीत रुईझचे हात जास्त चपळ. जोशुआ चारदा पडला आणि सातव्या फेरीत लढत थांबवावी लागली. ७ डिसेंबरला सौदी अरेबियात तो सुमारे साडेचार किलो हलका होऊन उतरला. लांबून डावा जॅब, लगेच बाजूला, बाराही फेऱ्या तेच. रुईझचं वजन उलट सातेक किलोंनी वाढलेलं! लढत कंटाळवाणी, पण डोकं शाबूत ठेवून खेळलेली. जोशुआ गुणांवर जिंकला.

जो लुईसने नेमकं उलटं केलं. १९३६ मध्ये जॅबनंतर त्याचा डावा हात खाली येई. मॅक्स श्मेलिंगने त्यावरून उजवे ठोसे लगावत बाराव्या फेरीत त्याला बाद केलं. १९३८ मध्ये लुईस पहिल्या घंटेपासून तुटून पडला. १२४ सेकंदांत निकाल.

रत्नागिरीतल्या हौशी बॉक्सरला मात्र ज्येष्ठ गटात तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या मिळतात. अंदाज घेण्यात पहिली गेली, तर उरतात सहा मिनिटं. त्यामुळे डाव सरावातच बदलावा लागतो.