दिवा मंदावतो, तो कुणामुळे?

संध्याकाळची वेळ. मुलगी दिव्याखाली धडा वाचते आहे. एवढ्यात दिवा एकदम मंद होतो अन् क्षणभराने पुन्हा उजळतो. आजोबा म्हणतात, "झाली सुरू गिरणी!"

पण दर वेळी दोष गिरणीचाच असतो का? शोधून पाहू.

वीज तारेतून वाहते. तिला पुढे ढकलणारा जोर म्हणजे दाब. आपण व्होल्टेज म्हणतो, तेच हे. घरातल्या दिव्यासाठी 230 व्होल्टचा दाब असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. उभी बैलगाडी हलवताना बैलांना जादा जोर लागतो ना, तसेच. त्या क्षणी तारेतला दाब उतरतो. तार लांब अन् बारीक असली तर फारच उतरतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तरी असेच होते.

आता शोधायचे कसे? ही रीत तुम्हांला ठाऊकच आहे. रात्री दारे धरताना वाफ्यात पाणी कमी झाले, तर तुम्ही खोरे घेऊन पाटाकाठाने वर जाता. चारी फुटते तिथे थांबता. दुसऱ्या चारीत पाणी वाढलेले दिसले, तर तिकडे कुणीतरी दारे फोडले आहे. कुठल्याच चारीत वाढलेले नसले, तर पाणी वरच फुटले आहे. मग आणखी वर जाता.

विजेचेही तसेच. वायरमनजवळ चिमट्यासारखा मीटर असतो. तो एका तारेभोवती अडकवला की तार न तोडता आतला प्रवाह कळतो. दिवे मंदावले त्याच क्षणी प्रवाह उसळला, तर कारण त्या तारेच्या पुढच्या अंगाला आहे. दिवे मंदावले पण प्रवाह उसळला नाही, तर कारण त्या तारेवर नाही. ते दुसऱ्या तारेवर आहे, नाहीतर मागे डीपीकडे.

समजा, गिरणीच्या तारेवर मीटर लावला. दिवे मंदावले, पण आकडा हलला नाही. मळ्याच्या तारेवर मात्र तो उसळला. म्हणजे कारण मळ्यातला पंप! गिरणीवाला बिचारा फुकट शिव्या खात होता.

मीटर वायरमनने लावायचा. डीपीला आपण हात लावायचा नाही. आपले काम पाहण्याचे अन् लिहिण्याचे. एलईडी दिव्यात दाब उतरलेला नीट दिसत नाही. म्हणून एक जुना तारेचा बल्ब लावून ठेवा. तो मंदावला की वहीत तारीख अन् वेळ लिहा. शेजाऱ्यांनाही विचारा. तुमच्याच घरात मंदावत असेल, तर बहुधा जोड सैल आहे. सैल जोड तापतो, आगही लागते. सगळ्या गावात एकदम मंदावत असेल, तर कारण बहुधा डीपीच्याही मागे, 11,000 व्होल्टच्या लाइनवर आहे.

आणखी एक बघा. तुमचा दिवा मंदावतो अन् शेजारचा भलताच प्रखर होतो, असे झाले तर न्यूट्रलची तार तुटली असेल. लगेच मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा आणि वायरमनला बोलवा.

पंप सापडला तर भांडू नका. मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला की सुरू होतानाची ओढ सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येते. वही घेऊन वायरमनकडे जा. "सांजच्याला दिवा जातो" एवढ्या सांगण्यावर त्याला काही शोधता येत नाही. सोमवारी 7 वाजून 10 मिनिटे, मंगळवारी 7 वाजून 12 मिनिटे, असे लिहिलेले असले, तर बुधवारी तो 7 च्या आत मीटर घेऊन खांबापाशी उभा राहील.