छोटे विमान : विकत घ्यावे की भाड्याने?

खासगी वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी भारतात वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान ४० तासांचे उड्डाण करावे लागते. परवाना हाती आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : उडवायचे कोणते विमान? स्वतःचे घ्यावे की तासाच्या हिशेबाने भाड्याचे वापरावे? याचे उत्तर ऐपतीइतकेच वर्षाकाठी होणाऱ्या उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असते, आणि नेमका तोच आकडा उत्साहाच्या भरात फुगवला जातो.

सेस्ना १७२ हे या वर्गातील सर्वांत परिचित विमान. एक इंजिन, चार आसने आणि ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेग. १९५५ साली पहिले उड्डाण झालेल्या या विमानाची ४० हजारांहून अधिक संख्येने निर्मिती झाली आहे. ते तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन घेते. हे इंधन म्हणजे एव्हगॅस, अर्थात विमानाचे पेट्रोल. प्रवासी जेट विमानांचे इंधन त्याच्या पेट्रोल इंजिनाला चालत नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशात एव्हगॅसचे उत्पादन सुरू केले. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही.

इंधनाचा खर्च उड्डाण केले तरच होतो. हँगरचे भाडे, विमा, उड्डाणयोग्यतेची ठरावीक तपासणी, देखभाल करणाऱ्या संस्थेचे शुल्क आणि कर्ज असल्यास व्याज हे खर्च मात्र विमान जागचे हलले नाही तरी होतातच. समजा, हा स्थिर खर्च वर्षाला १८ लाख रुपये आहे. स्वतःचे विमान उडवण्यास तासाला १० हजार लागतात आणि भाड्याच्या विमानाचा दर तासाला १८ हजार आहे. तासामागे बचत ८ हजारांची. म्हणजे स्थिर खर्च भरून निघण्यासाठीच वर्षाला २२५ तास उडावे लागेल. दर आठवड्याला न चुकता दोन तास उडणाऱ्याचे वर्षाचे तास होतात १०४. पावसाळा, नोकरी-व्यवसाय आणि घरची कार्ये वजा जाता तेही क्वचितच पूर्ण होतात. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, त्यात विमानाची मूळ किंमत धरलेलीही नाही. पण प्रत्येकाने आपले आकडे घालून हे गणित एकदा मांडावे.

कमी उडवल्यास विमान जास्त टिकेल, हा समजही फसवा आहे. सेस्नाच्या नव्या आवृत्त्यांतील लायकमिंग इंजिनाची संपूर्ण उघडून दुरुस्ती सर्वसाधारणपणे २ हजार तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, करावी अशी उत्पादकाची शिफारस आहे. इंजिन महिनोन् महिने बंद राहिले की आतील भागांवरचे तेल ओघळून जाते आणि गंज धरतो. किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत ही भीती अधिकच.

भाड्याची वाट भारतात अरुंद आहे, हेही खरे. अमेरिकेत लहान धावपट्ट्यांवरही तासाने विमान मिळते. येथे ती सोय प्रामुख्याने फ्लाइंग क्लब आणि प्रशिक्षण संस्थांपुरती मर्यादित आहे. परंपरा मात्र जुनी. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा, आणि देशात दिलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये मिळाला. क्लबचे विमान घेताना भाड्यात इंधन धरले आहे का, अपघात झाल्यास विम्याबाहेरची रक्कम कोणी भरायची आणि विमान रात्रभर बाहेरगावी नेता येते का, हे आधीच लेखी ठरवावे. विद्यार्थ्यांचे वेळापत्रक आधी असल्याने हवा तो दिवस मिळत नाही, ही क्लबची मोठी अडचण.

मग विमान घ्यावे आणि रिकाम्या वेळी भाड्याने देऊन खर्च काढावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. येथेच कायदा आडवा येतो. खासगी वर्गात नोंदवलेल्या विमानातून मोबदला घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा स्वतंत्र परवाना लागतो. खासगी वैमानिकालाही उड्डाणासाठी पैसे घेण्यास मनाई आहे. असा चोरटा व्यवहार करताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि जीव गमावलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाच्या हाती काहीच लागत नाही.

करातील फरकही याच वर्गवारीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे.

शिवाय विमान ठेवायचे कोठे? पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तर गोव्यातील दाबोळी नौदलाचा. तेथे लष्करी गरजेला अग्रक्रम मिळतो. विमान घरापासून दोनशे किलोमीटरवर ठेवावे लागले, तर मालकीची निम्मी सोय रस्त्यावरच संपते.

तिघा-चौघांनी मिळून विमान घेणे हा मधला मार्ग आहे. स्थिर खर्च वाटला जातो आणि विमान नियमित उडत राहते. मात्र एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरणार, हे पहिल्याच दिवशी करारात लिहिलेले असावे.

इतके करूनही खरेदीकडेच कल असेल, तर जुन्या विमानाची तपासणी विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे, स्वतः निवडलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावी. रंगरंगोटी पाहण्याआधी नोंदवह्या पाहाव्यात. इंजिन किती तास चालले, शेवटचे केव्हा उघडले आणि मध्ये किती काळ बंद होते, हे त्यातच कळते. मधल्या वर्षांच्या नोंदी गहाळ असतील, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी सौदा तेथेच थांबवावा.