हत्तीरोग आता दिवसाही सापडतो

हत्तीरोगाचं रक्त रात्री घ्यावं लागतं, हे गडचिरोली-चंद्रपूरकडे शाळकरी पोरंही सांगतील. या रोगाचे मोठे कृमी लसिकावाहिन्यांत दडून असतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं रात्री दहा ते दोनच्या सुमारास बोटाच्या रक्तात येतात, आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून आम्हा प्रयोगशाळेच्या माणसांना रात्री दारं वाजवावी लागतात. दिवसभर रोवणी करून आडव्या झालेल्या बाईला "मावशी, बोट द्या" म्हणताना जीव कसानुसा होतो. पुढे तो थेंब काचेवर वाळवायचा, धुवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा.

पट्टीच्या चाचणीने यातला एक मोठा अडसर काढला. ती पिल्लं शोधत नाही. जिवंत मोठ्या कृमीने रक्तात सोडलेलं प्रतिजन पकडते, आणि ते दिवसाही असतं. बोटातून 75 मायक्रोलीटर रक्त बारीक पिपेटने ओढून पट्टीच्या टोकावर हळू सोडायचं, की ते वर चढू लागतं. दहा मिनिटांनी दोन रेघा दिसल्या तर लागण आहे. एकच नियंत्रण-रेघ असेल तर नाही. तीही उमटली नाही, तर पट्टी बाद. घड्याळ इथे फार महत्त्वाचं. दहा मिनिटं उलटल्यावर उमटलेली रेघ धरायची नाही. गर्दीत नेमकं हेच चुकू शकतं.

गावात सगळ्यांना दिल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या सामूहिक गोळ्या थांबवाव्यात का, हे ठरवताना याच पट्टीने सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी होते. त्यांचं जवळपास अख्खं आयुष्य गोळ्यांच्या मोहिमेतच गेलेलं असतं. त्यांच्यातही बऱ्याच जणांत रेघ उमटली, तर डास अजून रोग पसरवतोय.

पण पट्टीवर सगळा भार टाकू नका. पाय सुजलेल्या माणसात ती पुष्कळदा कोरी निघते, कारण कृमी मरून गेलेले असतात आणि मागे नुकसान राहतं. उलट उपचार घेतलेल्याच्या रक्तात प्रतिजन बरेच दिवस टिकू शकतं. रक्तात पिल्लं फिरताहेत का, हे पाहायला अजूनही रात्रीची काचच लागते.

लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नसतं. पाय हलका असतो, काम चालू असतं आणि म्हणून गोळ्या उशाशी पडून राहतात. एकदा पायाची कातडी जाड झाली की गोळी ती पूर्ववत करत नाही. तेव्हा गरोदर महिला, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी सोडून बाकी सगळ्यांनी जेवण करून, आशाताईंच्या समोरच गोळ्या गिळाव्यात.