गोंगाटामागचं गाणं

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की मुलांचा विषय निघतोच. "पोरगा दिवसभर किंचाळणारी गाणी ऐकतो, बिघडला तर नसेल?" असं कुणीतरी विचारतंच. अशा गाण्यांचा एक प्रकार म्हणजे हेवी मेटल. आज त्याची माहिती घेऊ.

हेवी मेटल म्हणजे जड धातू, आणि हे संगीत वाढलंही कारखान्यांच्या गावात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६८ साली कामगारवस्तीतल्या चार तरुणांनी 'ब्लॅक सॅबथ' हा बँड काढला. त्यातला गिटारवाला टोनी आयोमी. १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पण त्याने गिटार सोडली नाही. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली आणि पुढे ताराही सैल केल्या. त्यामुळे सूर आणखी खोल आणि जड झाला. युद्धाची चीड आणि मनाची घालमेल या मुलांनी त्याच सुरात गायली.

समाजाला याची धास्ती वाटली. अमेरिकेत काही आयांनी आवाज उठवला. १९८५ साली तिथल्या सिनेटपुढे सुनावणी झाली आणि पुढे अशा कॅसेटवर पालकांसाठी इशारा छापला जाऊ लागला.

आता आपल्यासारख्याच एका खेड्यातली गोष्ट. इंडोनेशियात जावा बेटावर गारुत जिल्हा आहे. तिथल्या मार्स्या, सिती आणि विदी या तीन शाळकरी मुलींनी २०१४ मध्ये 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा बँड सुरू केला. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या बोलीत गोंगाट. त्या हिजाब घालून हेवी मेटल वाजवतात. मुलींना हे शोभत नाही म्हणून त्यांना बोलणी बसली, धमक्याही आल्या. त्यांनी गाण्यातूनच उत्तर दिलं. एका गाण्यात त्या देवाकडेच संगीताची परवानगी मागतात. दुसऱ्यात ठणकावतात, की बाईचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नाही. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या प्रसिद्ध ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

आपल्या आज्या सासरचा जाच जात्याला सांगायच्या. दळणाच्या घरघरीत ओवी कुणाला टोचत नसे. या मुलींनी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, एवढाच फरक.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलगा असं काही ऐकत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि गाण्यात काय म्हटलंय ते त्यालाच विचारा. आवाज मात्र कमी ठेवायला सांगा, कानांना जपायलाच हवं. तो जेवेनासा झाला, कुणाशी बोलेनासा झाला, तर गाण्याला दोष देत बसू नका. त्याच्या मनात काय चाललंय ते विचारा, गरज पडली तर दवाखान्यात न्या. आणि मुलगी मोठ्याने बोलली, तर "हळू बोल" म्हणण्याआधी ती काय म्हणतेय ते ऐकून घ्या.