रोध वाढला, तर उष्णता वाढते की घटते?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. मग विजेचे गणित आम्ही का सांगतो आहोत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कारण एवढेच की या गणितात एक जुना तार्किक पेच आहे, आणि तो नीट सुटला नाही तर घरातला प्लग जळू शकतो.

पेच असा आहे. एक जण म्हणतो, रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरा म्हणतो, रोध वाढला की उष्णता घटते. दोघांकडेही सूत्र आहे आणि दोन्ही सूत्रे खरी आहेत. आता काय करायचे?

आधी शब्द लावून घेऊ. दाब म्हणजे व्होल्टेज, तो व्होल्टमध्ये मोजतात. धारा म्हणजे करंट, ती अँपिअरमध्ये. या दोन गोष्टी मीटर दाखवतो. उरलेल्या दोन आपण हिशेबाने काढायच्या. दाबाला धारेने भागा, रोध मिळतो, ओहममध्ये. दाबाला धारेने गुणा, शक्ती मिळते, वॅटमध्ये. बस्स, एक भागाकार आणि एक गुणाकार.

आता गीझर घ्या, २३० व्होल्टवर चालणारा, २००० वॅटचा. २००० भागिले २३०, म्हणजे धारा सुमारे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे रोध सुमारे २६.५ ओहम. इस्त्री, शेगडी यांनाही हाच हिशेब चालतो. पंख्यात किंवा मिक्सरमध्ये मोटर असते. तिथे दाब गुणिले धारा ही रक्कम खऱ्या शक्तीपेक्षा जास्त भरते, म्हणून पॉवर फॅक्टरनेही गुणावे लागते.

आता पेचाकडे वळू. शक्ती = दाब × धारा. यात धारेच्या जागी 'दाब ÷ रोध' लिहा. मिळते ते असे: शक्ती = दाबाचा वर्ग ÷ रोध. म्हणजे रोध वाढला की शक्ती घटते. आता उलट करा, दाबाच्या जागी 'धारा × रोध' लिहा. शक्ती = धारेचा वर्ग × रोध. इथे रोध वाढला की शक्ती वाढते!

आपल्या न्यायशास्त्रात याचे उत्तर आहे. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे विधान खरे वाटते, पण लालबुंद तापलेल्या लोखंडात अग्नी मानला तरी धूर नसतो. धूर यायला सरपण ओले लागते. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. पहिल्या सूत्राची उपाधी आहे 'दाब तेवढाच असताना', दुसऱ्याची 'धारा तेवढीच असताना'. उपाधी बोलून दाखवली की भांडण मिटते.

घरात दोन्ही सूत्रे एकाच वेळी लागू पडतात. भिंतीतला दाब ठरलेला, म्हणून १००० वॅटच्या गीझरचा रोध २००० वॅटवाल्याच्या दुप्पट असतो. पण समजा, आपल्या २००० वॅटच्या गीझरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसला आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला. एकूण रोध २७ ओहम, धारा सुमारे ८.५ अँपिअर. ही धारा बहुतांशी गीझरच ठरवतो, म्हणून सैल जागेसाठी दुसरे सूत्र घ्यायचे: साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते, हे लक्षात घ्या. आणि खरी मेख पुढेच आहे. धारा ८.७ वरून ८.५ झाली, म्हणजे कमीच झाली! एमसीबी जादा धारेवर पडतो. या बिघाडावर तो पडणार नाही. तेव्हा प्लग तापला, काळवंडला, जळका वास आला, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

हेच गणित आपल्या पनवेल लोकलच्या डोक्यावरच्या तारेतही आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली, १५०० व्होल्टवर. २०१६ मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्टवर आला. हिशेबापुरते धरू की गाडीला ३० लाख वॅट हवेत आणि पॉवर फॅक्टर एक आहे. जुन्या दाबावर धारा २००० अँपिअर, नव्या दाबावर फक्त १२०. तारेचा रोध तोच धरला, तर तारेत वाया जाणारी उष्णता सुमारे २७८ पटींनी कमी होते, कारण ती धारेच्या वर्गावर अवलंबून असते.

जर्मनीतले शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमालाही उपाधी आहेच: तापमान तेवढेच असताना. साधा पिवळा बल्ब थंड असताना त्याचा रोध पेटलेल्या बल्बच्या रोधाहून दहा-पंधरा पटींनी कमी भरतो.

तर मंडळी, सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. सूत्र लिहिण्याआधी एकच विचारा, यात स्थिर काय आहे? घरी गेल्यावर इस्त्रीवरची पट्टी वाचा, तिची धारा आणि रोध काढा. पुढच्या वेळी उत्तरे पडताळून पाहू.