राणीछापचे ठिपके मोजलेत का?

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडला जाणारा चांदीचा राणीछाप रुपया घरात असेल, तर यंदा पूजेआधी एक काम करा. त्यावरचं साल वाचा. ते १८६२ असेल तर सालाखालचे ठिपके मोजा. एखादा ठिपका कमी की जास्त, यावर त्या नाण्याची अख्खी कुंडली बदलते!

नाणी जमवणारे बरेच असतात. पण एकाच सालाची, दिसायला सेम टू सेम नाणी भिंगाखाली धरून त्यांतला फरक शोधणाऱ्यांचं खूळ वेगळंच. या फरकाला म्हणतात 'डाय व्हरायटी'. डाय म्हणजे ठसा. टांकसाळीत चांदीची चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली की नाणं तयार होतं. ठसा झिजतो, तडकतो, मग नवा बनवावा लागतो. नव्या ठशात कुठे अक्षर सरकतं, कुठे एखादी खूण वाढते. तोच फरक पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतो.

ईस्ट इंडिया कंपनीचा १८४० सालचा रुपया घ्या. काही नाण्यांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग जातात, तर काहींवर डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेली दिसतात. मागच्या बाजूला पानांची माळ आहे. तिच्यातली बारीक फळं कुठे १९, कुठे २८, तर कुठे ३५! हौशी मंडळी ती चक्क मोजतात.

१८६२ मध्ये कंपनीचं नाव जाऊन नाण्यावर 'इंडिया' आलं. गंमत म्हणजे पुढची दहा-बारा वर्षं रुपयावर १८६२ हेच साल छापलं जात होतं. खरं साल छापायला सुरुवात झाली १८७४ पासून. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर ठिपके दिसू लागले, काही सालाच्या खाली, काही वरच्या बाजूला. नाणं कोणत्या वर्षी पाडलं याची ती खूण, असं अभ्यासक मानतात. ठिपक्यांच्या काही जोड्या सहज मिळतात, काहींसाठी लोक वर्षानुवर्षं बाजार पालथा घालतात.

एखादं नाणं दुर्मिळ कसं होतं, याचं भारी उदाहरण म्हणजे पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावरचा छोटासा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. कुजबूज वाढली आणि सरकारने ती नाणी मागे घेऊन वितळवली. १९१२ मध्ये सोंड आणि कान नीट दिसणारा हत्ती आला. वाचलेल्या 'पिग रुपी'ला आज म्हणूनच मागणी आहे.

तेव्हा सरकारने वितळवलं, आज आपणच वितळवतोय. चांदीचा भाव चढला की जुने रुपये सराफाकडे जातात आणि पैंजण होऊन परत येतात. मोडीत फक्त वजन मोजलं जातं, ठिपके कुणी बघत नाही. दुसरा शत्रू आपल्या स्वयंपाकघरात आहे. चिंच, लिंबू किंवा पावडर लावून घासलं की नाणं चकाकतं, पण बारीक खुणा झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. काळसर रुपया काळसरच राहू द्या. कडेला धरून बघा, मऊ कापडात ठेवा.

सुरुवात पॉकेटमनीतही होते. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटा डिजिटल वजनकाटा, बस्स. अस्सल रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला थोडा हलका भरेल. चुंबकाला चिकटला तर सरळ नकली समजा. नुसत्या फोटोवर भुलून खरेदी करू नका. आणखी एक, शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. परदेशातल्या दादाला गिफ्ट म्हणून पाठवता येत नाहीत.

अस्सल नाणी बघून नजर तयार करायची असेल, तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं. पण पहिला स्टॉप आजीचा डबा. तो मोडीत निघायच्या आत एकदा भिंगाखाली बघून घ्या.