नदी कोणाची? माओरींनी दीडशे वर्षं लढवलेला प्रश्न

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'ना' काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)



दरवर्षी ९ ऑगस्टला नंदुरबार, पालघर, नाशिक, गडचिरोली अशा जिल्ह्यांत जागतिक आदिवासी दिन जोरात साजरा होतो. मिरवणुका निघतात, तारपा वाजतो, मोबाईलवर स्टेटस बदलतात. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी जगभरातल्या आदिवासी समाजांसाठी ठरवलाय. म्हणून म्हटलं, आज जरा लांबच्या एका समाजाकडे जाऊ. न्यूझीलंडचे माओरी. आणि त्यांची एक नदी, वांगानुई.

'न्यूझीलंडमध्ये नदीला माणसाचा दर्जा मिळाला!' अशी रील तुम्ही कधीतरी पाहिली असेल. हिरवं डोंगर-जंगल, संथ पाणी, मागे बासरी. बातमी खरी आहे, २०१७ ची आहे. पण रीलमध्ये वाटतं की कुठल्यातरी निसर्गप्रेमी सरकारला एके दिवशी छान कल्पना सुचली आणि कायदा झाला. तसं झालेलं नाही. हा दर्जा एका भांडणातून आला, आणि ते भांडण दीडशे वर्षांच्या आसपास चाललं. भांडणाचा विषय एकच होता: नदी कोणाची?

नदी आणि तिची माणसं

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तोंगारिरो नावाचा ज्वालामुखी डोंगर आहे. वांगानुई तिथे उगम पावते आणि साधारण २९० किलोमीटर वाहून टास्मान समुद्राला मिळते. देशातली ही तिसऱ्या क्रमांकाची लांब नदी. तिच्या दोन्ही काठांवर माओरींच्या वस्त्या होत्या. नदी हाच रस्ता, कारण आजूबाजूला सगळे कडे आणि दाट जंगल. नदी हेच अन्न, कारण पात्रात खांब ठोकून बांध घालायचे आणि त्यात वाम मासे धरायचे. आजारी माणसाला न्यायचं तेही नदीवरच.

पण माओरी स्वतः सांगतात तेव्हा एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्यासाठी नदी ही पूर्वज आहे. आपण ओळख करून देताना गाव सांगतो, आडनाव सांगतो. माओरी माणूस आधी आपला डोंगर सांगतो, आपली नदी सांगतो, मग स्वतःचं नाव. वांगानुईच्या लोकांमध्ये एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी.

आता तुम्हीच सांगा, पूर्वजाचा मालक कोण असतो? हा प्रश्नच विचित्र वाटतो ना? पण इंग्रजांच्या कायद्यात प्रत्येक गोष्टीला मालक लागतो. गोंधळ इथून सुरू झाला.

एक करार, दोन अर्थ

६ फेब्रुवारी १८४० ला ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वैतांगीचा करार झाला. त्याच्या दोन प्रती होत्या, एक इंग्रजीत आणि एक माओरीत. इंग्रजी प्रतीत लिहिलं होतं की माओरी आपली सार्वभौम सत्ता राणीला देत आहेत. माओरी प्रतीत त्या जागी जो शब्द होता, त्याचा अर्थ साधारण 'कारभार' असा होतो. शिवाय जमिनी, वस्त्या आणि सगळ्या मोलाच्या गोष्टींवर सरदारांचाच पूर्ण अधिकार राहील, असंही त्यात म्हटलं होतं. पाचशेहून जास्त सरदारांनी करार मान्य केला आणि त्यातल्या बहुतेकांनी माओरी प्रतीवर सही केली.

म्हणजे बघा, एकाला वाटलं देश मिळाला. दुसऱ्याला वाटलं, कारभार बघायला माणूस आला, घर आपलंच आहे.

कोळशाच्या कायद्यात नदी गेली

मग हळूहळू काय होत गेलं ते ऐका.

१८६५ मध्ये जमिनीचं एक न्यायालय निघालं. अख्ख्या समाजाच्या जमिनीचे तुकडे पाडून ते ठरावीक लोकांच्या नावावर करायचे, हे त्याचं मुख्य काम. नावावर झालेला तुकडा विकता येतो. काठाच्या कितीतरी जमिनी अशा गेल्या.

१८९० च्या दशकात नदीवर पर्यटकांच्या आगबोटी सुरू झाल्या. युरोपातल्या ऱ्हाइनशी तुलना करून जाहिराती व्हायच्या. बोटींना वाट हवी म्हणून माशांचे बांध काढले गेले, पात्र साफ केलं गेलं. ज्यांचं जेवण त्या बांधांवर होतं, त्यांनी विरोध केला. अर्ज-विनंत्या तर त्याच्याही आधी, १८७० च्या दशकापासून सुरू होत्या.

१९०३ मध्ये तर कमाल झाली. कोळशाच्या खाणींविषयीच्या कायद्यात एक दुरुस्ती आली. तिच्यात एक कलम होतं: ज्या नद्यांतून बोटी जातात, त्यांचं पात्र सरकारचं आहे, आणि ते आधीपासूनच सरकारचं होतं असं धरावं. नदीवरच्या माणसांना विचारलं नाही, भरपाईचा प्रश्न आला नाही. खाणींच्या कायद्यातली एक दुरुस्ती, आणि पूर्वज सरकारजमा!

१९३८ मध्ये वांगानुईचे माओरी न्यायालयात गेले. तिती तिहू नावाच्या ज्येष्ठांनी आयुष्यातली कित्येक दशकं या दाव्याला दिली. खटला एका न्यायालयातून दुसऱ्यात फिरत राहिला आणि १९६२ मध्ये निकाल विरोधात गेला. निकालामागचा तर्क समजून घ्यायला हवा, कारण सगळं दुखणं त्यातच आहे. इंग्रजी कायद्याचा जुना नियम असा, की काठाची जमीन ज्याची, त्याच्याकडे नदीच्या मध्यापर्यंतचं पात्र. न्यायालयाने धरलं की नदीचं पात्र काठाच्या जमिनींशीच जोडलेलं होतं. काठाचे तुकडे पडले, त्यांच्याबरोबर पात्रही वाटलं गेलं, विकलं गेलं. अख्खी नदी अख्ख्या समाजाची, असा वेगळा हक्क उरतच नाही.

माओरी म्हणत होते, नदी एकसंध आहे, डोंगरापासून समुद्रापर्यंत. न्यायालयाच्या हातात मोजपट्टी होती आणि त्या पट्टीवर 'एकसंध नदी' नावाची गोष्टच नव्हती.

पाणी दुसऱ्याच नदीत

पुढचा घाव विजेचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तोंगारिरो जलविद्युत प्रकल्पासाठी नदीच्या वरच्या भागातलं पाणी वळवलं गेलं. ते बोगद्यांतून, तलावांतून जाऊन शेवटी वायकातो नावाच्या वेगळ्याच नदीत पोचतं. वांगानुईत पाणी कमी झालं, मासे कमी झाले, हे तर झालंच. शिवाय माओरींच्या दृष्टीने प्रत्येक नदीचा स्वतःचा प्राण असतो आणि दोन नद्यांचं पाणी माणसाने असं मिसळणं हे फार गैर. पर्यावरणाच्या अहवालात पाण्याची पातळी मोजता येते. हे दुःख कुठल्या रकान्यात भरणार?

तरी लोक गप्प बसले नाहीत. १९७५ मध्ये वैतांगी कराराच्या तक्रारी ऐकायला एक न्यायाधिकरण स्थापन झालं. १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पर्यंत मागे जाऊन चौकशी करायचा अधिकार मिळाला. १९९५ मध्ये वांगानुई शहरातली पाकाइतोरे ही जागा माओरींनी ७९ दिवस ताब्यात ठेवली आणि देशाला आपल्याकडे बघायला लावलं. १९९९ मध्ये न्यायाधिकरणाचा अहवाल आला. त्याने सांगितलं की नदी माओरींचीच होती आणि त्यांनी ती समजून-उमजून कधीच विकली नव्हती.

आणि या सगळ्या काळात आणखी एक गोष्ट चालू होती, जिच्याकडे कॅमेरे कमी वळतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दरवर्षी जानेवारीत वांगानुईची माणसं होड्या वल्हवत नदीवरून खाली येतात. लहान-मोठे सगळे. वाटेत जुन्या वस्त्यांवर मुक्काम, गाणी, पूर्वजांच्या गोष्टी. आपल्या वारीत चालता चालता पोरं अभंग शिकतात ना, तसं. शहरात वाढलेल्या मुलाला आपली नदी कुठे वळते, कुठल्या वळणाचं नाव काय, हे कागदावरून कळत नाही, वल्हं मारून कळतं. पुढे सरकारसमोर जी माणसं वाटाघाटीला बसली, त्यांच्या पाठीशी अशी नदी जगणारा समाज होता.

'व्यक्ती' म्हणजे नेमकं काय?

वाटाघाटीत पेच तोच. सरकार म्हणणार, मालकी आमची. माओरी म्हणणार, आमची. उत्तर असं निघालं की दोघांचीही नको, नदीचं पात्र नदीच्याच नावावर करू!

आपल्याला हे ऐकून फार धक्का बसायला नको. आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीच्या सातबारावर देवाचं नाव असतं की नाही? भारतीय कायद्यात देवाची मूर्ती ही 'कायदेशीर व्यक्ती' आहे. अयोध्येच्या खटल्यात रामलल्ला विराजमान स्वतः पक्षकार होते. कंपनीही अशीच व्यक्ती. तिच्या नावावर मालमत्ता असते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. कायदेशीर व्यक्ती म्हणजे हाडामांसाचा माणूस असा अर्थच नाही. हक्क आणि जबाबदाऱ्या जिच्या नावावर टाकता येतात ती कायदेशीर व्यक्ती. फक्त तिच्या वतीने बोलणारं कोणीतरी लागतं.

५ ऑगस्ट २०१४ ला समझोत्यावर सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने कायदा केला. कायद्यात नदीचं नाव आहे 'ते आवा तुपुआ'. डोंगरापासून समुद्रापर्यंत, उपनद्यांसकट, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सगळ्या अंगांसकट, एक अखंड जिवंत अस्तित्व. १९६२ च्या न्यायालयाला जे दिसलं नाही, ते आता कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं. मंजुरीच्या वेळी संसदेत आलेल्या माओरींनी गाणी म्हटली.

नदीच्या वतीने दोन माणसं बोलतात. एक सरकारने नेमलेलं, एक नदीवरच्या माओरींनी. पण काम दोघांनी मिळून एकाच मुखाने करायचं, आपल्याला नेमणाऱ्याची नाही तर नदीची बाजू मांडायची. याशिवाय १७ जणांचा एक गट आहे. त्यात माओरी, स्थानिक नगरपालिका, पर्यटनवाले, शेतकरी, अगदी वीज कंपनीसुद्धा. नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी, माओरींना ८ कोटी डॉलरची भरपाई आणि सरकारची जाहीर माफी.

काय मिळालं नाही

आता रीलमध्ये नसलेला भाग. पात्राचा जो भाग सरकारकडे होता, तोच नदीच्या नावावर झाला. खाजगी मालकीचे तुकडे तसेच राहिले. पाण्याची मालकी कायद्याने कोणालाच दिली नाही. वीज प्रकल्पाला आधी मिळालेल्या परवानग्या कायम राहिल्या, पाणी अजूनही वळतंय. शेतीतून आणि कापलेल्या जंगलातून येणारा गाळ कायदा झाला म्हणून थांबत नाही.

मग फरक काय पडला? नदीविषयी कोणताही निर्णय घेताना तिचा हा दर्जा आणि तिची मूल्यं विचारात घ्यावी लागतात. पूर्वी माओरींना सिद्ध करावं लागायचं की आमचं काय नुकसान झालं. आता नदीला काय होतंय, हा प्रश्न आधी टेबलावर येतो. ही सुरुवात आहे, आणि तिथली माणसंही तसंच म्हणतात.

त्याच दिवशी, उत्तराखंडात

एक योगायोग बघा. वांगानुईच्या कायद्यावर २० मार्च २०१७ ला शेवटची मोहोर उमटली. बरोब्बर त्याच दिवशी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला कायदेशीर व्यक्ती जाहीर केलं. आपल्याकडे केवढी बातमी झाली होती! पालक म्हणून नेमले कोण? नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. नदी तर कितीतरी राज्यांतून वाहते, मग आम्ही एकटे पालक कसे? पुरात माणसं दगावली तर भरपाईचा दावा कोणावर? जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

दोन्हीकडे शब्द एकच, 'व्यक्ती'. पण वांगानुईत तो शब्द यायच्या आधी दीडशे वर्षं नदीच्या वतीने बोलणारी माणसं होती. त्यांची ओळख, त्यांची भाषा, त्यांचं जेवण, सगळं नदीत गुंतलेलं. कायद्याने त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि त्यांना खुर्ची दिली. गंगेच्या निकालात पालकपद गेलं पदावरच्या अधिकाऱ्यांकडे, आणि त्यांनाच ते नको होतं. काठावरचे कोळी, नावाडी, शेतकरी यांच्यापैकी कोणाला पालकांच्या यादीत जागा नव्हती.

म्हणून आदिवासींचे हक्क हा विषय त्यांच्यापुरता नाही असं मला वाटतं. जंगल, डोंगर, नदी वाचवायची भाषा आपण सगळेच करतो. पण त्यांच्याशी नातं असलेली माणसं तिथून उठवली, की त्यांच्या बाजूने बोलायला फक्त फाईल उरते. न्यूझीलंडने याच वाटेने आधी २०१४ मध्ये ते उरेवेराच्या जंगलाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तारानाकी पर्वताला कायदेशीर व्यक्ती केलं. दोन्ही वेळा मुळाशी तिथल्या माओरींचा दावा होता.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावाजवळून जी नदी वाहते, तिच्यावर रोज जगणारं आज कोण आहे, हे शोधा. आणि तिच्याविषयी निर्णय होतो त्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी असतं का, हेही विचारा. जे कळेल ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

भेटूया मग. तोवर काळजी घ्या!